पंधरा तारखेची काच

“रात्रीला तारीख एकच असते, सूनबाई. संध्याकाळी जी लिहिली तीच सकाळपर्यंत. मध्ये घड्याळात बारा वाजले म्हणून आकाश काही पान उलटत नाही.”

ती काचघरात कामाला लागली त्या पहिल्याच सकाळी सासऱ्यांनी तिला हे बजावलं होतं. चौदा वर्षं झाली, तरी नवं पाकीट हातात घेताना तिला तो आवाज ऐकू येई. थोडा घोगरा, थोडा मास्तरी.

काचघर म्हणजे वेधशाळेच्या तळमजल्यावरची लांबट, बिनखिडकीची खोली. दोन्ही भिंतींना लोखंडी कपाटं आणि कपाटांत आकाशाचे अडतीस हजार फोटो. पूर्वी दुर्बिणीच्या मागे काच लावत, एका बाजूने उजेड टिपणारा मसाला चढवलेली, आणि ताऱ्यांचा उजेड थेट तिच्यावर पडू देत. अशी एकेक काच एकेका कागदी पाकिटात उभी ठेवलेली. पाकिटावर तारीख, वेळ, आकाशाचा कुठला तुकडा आणि फोटो घेणाऱ्याची सही. या सगळ्याचा सांभाळ सासऱ्यांनी जन्मभर केला. वेधशाळेत त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे, सगळे ‘काचवाले’च म्हणत. ते निवृत्त झाले आणि किल्ल्यांचा जुडगा सुनेच्या हाती आला.

“आमच्या घरात दोघं काचांशी बोलतात,” तिचा नवरा आल्यागेल्याला सांगे. “माझ्याशी बोलावं असं वाटत असेल तर मला पाकिटात शिरून उभं राहावं लागेल.”

पुढे विभागप्रमुख सरांच्या मनात आलं की हे सगळं आकाश विद्यार्थ्यांना मिळालं पाहिजे. कपाटं न उघडता, काच न हाताळता. मुलाने आकाशाचा तुकडा सांगावा, तारीख सांगावी आणि त्याचा फोटो पडद्यावर यावा. बाहेरून तयार सॉफ्टवेअर आणलं, पण त्याला काचांची भाषा कळेना. शेवटी तीच संगणकाचा वर्षभराचा वर्ग करून आली आणि डेटाबेस बांधायला बसली. दिवसा काचा स्कॅन करायच्या, नोंदी भरायच्या. रोज चाळीस. हा तिचा नेम. सकाळी हात धुवायचे, कपाटासमोर क्षणभर डोळे मिटून उभं राहायचं, मग पहिलं पाकीट. अंगात कणकण असली तरी चाळीस, आणि उत्साह असला तरी चाळीसच.

“एकेचाळीस केल्या तर काय पाप लागतं?” सरांनी एकदा गमतीने विचारलं.

“आज एकेचाळीस केल्या, सर, की उद्या एकोणचाळीसवर उठायचा मोह होतो,” ती हळूच म्हणाली. सरांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

असं करत चार वर्षांनी शेवटचं कपाट भरून झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांच्या हाताला लागेल असा चहाचा कप ठेवत ती म्हणाली, “बाबा, काल शेवटचं कपाट संपलं.”

म्हाताऱ्यांचा हात कपाच्या कानावर थांबला. डोळ्यांच्या मधोमध धुकं साचत चाललं होतं त्यांच्या. “मधलं सगळं पुसलंय, कडा तेवढ्या उरल्यात,” असं ते म्हणत, आणि माणसाचा चेहरा बघायचा तर मान वळवून तिरकं बघत. आताही तसंच बघितलं.

“मोठ्या घुमटाच्या काचा? त्या पाहुण्याच्या?”

“हो. एकूण एक.”

 त्यांना काय आठवलं ते तिला ठाऊक होतं. ती गोष्ट या घरात भिंतीवरच्या घड्याळासारखी होती. रोज कोणी बघत नसलं तरी चालू असायची.

बेचाळीस वर्षांपूर्वी, एका चौदा तारखेच्या रात्री, अकराच्या सुमारास, लहान घुमटातून सासऱ्यांनी एक फोटो घेतला. ढग जमत होते म्हणून पाचच मिनिटांचा. काच धुऊन उजेडाला धरली तर ओळखीच्या ताऱ्यांमध्ये एक अनोळखी ठिपका. त्यांनी शाईने त्याच्याभोवती बारीक गोल काढला आणि धावत जाऊन तेव्हाच्या संचालकांना दाखवला. नवा तारा! पण पंधरा तारखेपासून आठवडाभर नुसते ढग. आभाळ उघडलं तेव्हा ठिपका जागेवर नव्हता. संचालकांनी भर बैठकीत काच परत केली. “हा तारा नव्हे, मसाल्यातला डाग आहे. काचेला हात लावण्याआधी हात धूत जा.” त्यानंतर किती वर्षं कँटीनमध्ये विचारणा व्हायची, “काय काचवाले, आज किती डाग पकडले?”

एकच आशा होती. त्या रात्री उशिरा, तेव्हाच्या वेधशाळेच्या आवारातल्या खोलीत अंथरुणात पडल्या पडल्या, त्यांनी मोठ्या घुमटाचं झाकण घरघरत उघडल्याचं ऐकलं होतं. तिथे त्या हंगामापुरता एक पाहुणा निरीक्षक आलेला. ढगांना फट पडली असणार, आणि त्याने फोटो घेतला असणार. त्या काचेवरही तोच ठिपका असला तर तो डाग कसा? दोन काचांना एकाच जागी डाग पडत नाही. पण पाहुणा हंगाम संपल्यावर निघून गेला, त्याची वहीही त्याच्याबरोबर गेली, आणि त्याच्या सहाएकशे काचा शेवटच्या कपाटात कशाही कोंबल्या गेल्या. पुढे काचघराचा ताबा मिळाल्यावर सासऱ्यांनी ती पाकिटं कितीदा चाळली. चौदा तारखेचं एकही निघालं नाही.

“सूनबाई,” ते आता म्हणाले, “तुझ्या त्या यंत्राला विचार.”

“आज पहिलं तेच काम.”

“आणि जे निघेल ते मला सांग. डाग निघाला तर डाग. माझ्या तोंडाकडे बघून साखर घालू नकोस. डोळे गेले तर गेले, पण उरलेलं आयुष्य मला गोड खोट्यावर काढायचं नाही. कबूल?”

“कबूल, बाबा. जे असेल ते, आणि आजच.”

“वचन?”

“वचन,” ती म्हणाली, आणि त्यांचा कप उचलायला वाकली तेव्हा लक्षात आलं की चहा तसाच राहिला होता.

काचघराच्या दाराशी एक विद्यार्थिनी आधीच येऊन उभी होती. दुसऱ्या वर्षाची, पाठीवर तिच्याएवढीच पिशवी. सरांनी सॉफ्टवेअर पहिल्यांदा हाताळायला हिला पाठवलं होतं, कारण वर्गात हिचं नाव प्रश्नपेटी पडलं होतं आणि सरांना तासाला जरा श्वास घ्यायचा होता.

“ताई, आज काय शोधायचं?”

“एक हरवलेली काच,” ती म्हणाली, आणि हात धुऊन येऊन थोडक्यात सगळं सांगितलं. एरवी घरातलं बाहेर सांगणारी ती नव्हे. पण ही मुलगी ज्या तऱ्हेने ऐकत होती, तोंड अर्धवट उघडं ठेवून, त्याने शब्द आपोआप सुटत गेले.

प्रश्नपेटीने आकाशाचा तुकडा भरला, तारीख भरली. चौदा. पडद्यावर क्षणभर चक्र फिरलं.

‘१ फोटो सापडला.’

तो सासऱ्यांचाच होता, लहान घुमटातला. शाईच्या गोलासकट.

 चार वर्षं रोज चाळीस भरताना तिने मनातल्या मनात हीच काच वर येईल असं धरलं होतं, हे तिला या क्षणी कळलं.

“एकच?” मुलगी पडद्याला नाक लावून बघत होती. “आणि हे खाली बारीक अक्षरांत काय आहे? ‘२१४ नोंदी बाजूला ठेवल्या आहेत.’ कुणी ठेवल्या?”

“मी. त्या चुकीच्या आहेत. आपल्या हवामानाच्या वहीत ज्या रात्री पूर्ण ढग लिहिलेत, त्या रात्रीचा फोटो कोणी नोंदवला असेल तर सॉफ्टवेअर ती नोंद लपवतं. ढगातून फोटो निघत नाही. तुम्ही मुलं चुकीच्या तारखेवर अभ्यास करत बसू नये म्हणून मीच तो नियम घातला.” त्या नियमाचा तिला खरं तर थोडा अभिमानही होता.

“बरोबर,” मुलगी म्हणाली. मग दोन क्षणांनी, “पण काच आहे ना?”

“म्हणजे?”

“म्हणजे कपाटात काच आहे ना? तिच्यावर तारे आहेत ना? ढग होते तर तारे कुठून आले?”

ती पडद्यावरच्या त्या आकड्याकडे बघत राहिली. दोनशे चौदा वेळा सॉफ्टवेअरने तिला विचारलं होतं की ही नोंद अशक्य आहे, बाजूला ठेवू का, आणि दोनशे चौदा वेळा तिने ‘हो’ दाबलं होतं. काच स्वतःच्या हाताने उजेडाला धरून, तिच्यावरचे तारे बघून, हो.

“यादी उघड,” ती म्हणाली. “सगळी.”

यादी उघडली. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा शेवटच्या कपाटातल्या, सगळ्यांवर पाहुण्याची सही. प्रश्नपेटी वेळांच्या रकान्यावरून बोट फिरवत खाली गेली. बारा चाळीस. दोन पाच. तीन वाजून दहा मिनिटं. एक वीस.

“ताई, हा माणूस मध्यरात्रीआधी उठतच नव्हता का? एकही फोटो संध्याकाळचा नाही.”

तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. संध्याकाळच्या फोटोंना अडचण नव्हतीच. ते सरळ भरले गेले होते. अडले ते फक्त मध्यरात्रीनंतरचे.

“अगं,” ती जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, “तो बारा वाजता तारीख बदलत होता.”

“सगळेच बदलतात!”

“इथे नाही बदलत. इथे कोणीच कधी नाही बदलली.” आणि तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. पाहुणा परक्या ठिकाणचा माणूस. घड्याळात बारा वाजले की साध्यासुध्या जगाप्रमाणे पुढची तारीख लिहून मोकळा व्हायचा. चौदाच्या रात्री ढगांना फट पडली ती एक वाजता. पाकिटावर त्याने लिहिलं पंधरा. पंधराच्या रात्री तर नुसते ढग, त्या रात्रीच्या पाकिटाकडे कोण बघणार? सासऱ्यांच्या हाताखालून ते पाकीट दहा वेळा गेलं असेल. चौदा शोधणारं बोट पंधरावर थांबलं नाही. ज्या शिस्तीने त्यांनी अडतीस हजार काचा सांभाळल्या, त्याच शिस्तीने ही एक काच त्यांच्यापासून लपवली. आणि तिने तीच शिस्त उचलून सॉफ्टवेअरमध्ये बसवली होती.

‘पंधरा तारीख, एक वाजून वीस मिनिटं.’ आकाशाचा तुकडा तोच.

शेवटचं कपाट, खालून दुसरा खण. पाकीट हातात घेताना तिने श्वास धरला. काच नेहमीप्रमाणे कडांनी उचलली, उजेडपेटीवर ठेवली आणि शेजारी सासऱ्यांची काच. खालून पांढरा उजेड आला आणि दोन्ही काचांवर ते उलटं आकाश उमटलं, पांढऱ्या आभाळावर काळे तारे, कुणी मूठभर तीळ सांडावेत तसे.

“तूच बघ आधी,” तिने भिंग मुलीच्या हातात दिलं.

प्रश्नपेटी वाकली. या काचेवर, त्या काचेवर, पुन्हा या काचेवर. तिची पाठ हळूहळू ताठ झाली.

“नाहीये, ताई.”

“नीट बघ.”

“गोलाच्या जागी काही नाही. तिथे रिकामं आहे.”

म्हणजे डाग. संचालक बरोबर होते. तिने स्टुलावर बसून घेतलं. संध्याकाळी घरी जायचं, त्यांच्यासमोर बसायचं आणि सांगायचं, बाबा, डाग होता. बेचाळीस वर्षं. वाक्य तिने मनात एकदा म्हणून पाहिलं.

“पण मग,” मुलगी अजून वाकलेलीच होती, “हा कोण?”

“कोण?”

“हा इकडचा. गोलाच्या थोडा बाजूला. मोहरीच्या दाण्याएवढ्या अंतरावर. हा या काचेवर आहे आणि त्या काचेवर नाही.”

तिने भिंग घेतलं. खरंच होता. तेवढाच काळा, तेवढाच बारीक. एका काचेवर गोलाच्या आत, दुसरीवर गोलाच्या बाहेर. बाकी शेकडो तारे जिथल्या तिथे, आणि तो एकटा अडीच तासांत मोहरीएवढा चालून गेलेला.

“तारा चालत नाही,” प्रश्नपेटी कुजबुजली.

“नाही चालत. हा खडक आहे. सूर्याभोवती फिरणारा.”

अशा ज्ञात खडकांची यादी संगणकावर बघायला मिळते. तारीख आणि वेळ दिली की त्या घटकेला कोण कुठे होता ते ती सांगते. दोघींनी दोन्ही वेळा भरल्या. दोन्ही ठिपक्यांवर एकच खडक बसला, चपखल. त्याला क्रमांक होता. नोंद सांगत होती की तो पहिल्यांदा दिसला तेवीस वर्षांपूर्वी, दुसऱ्याच कुठल्या तरी वेधशाळेत, दुसऱ्याच कुणाला तरी.

“म्हणजे आजोबांना त्या दुसऱ्या वेधशाळेच्या एकोणीस वर्षं आधी दिसला होता!” मुलगी टेबलाभोवती एक फेरी मारून आली. “ताई, याची वाट आता माहीत आहे ना? मग सॉफ्टवेअरला विचारता येईल की हा आणखी कुठल्या काचेत सापडला असेल.”

असा प्रश्न विचारायची सोय तिने ठेवलीच नव्हती. मूल येईल, तुकडा विचारेल, तारीख विचारेल, एवढंच धरलं होतं. ती बसली आणि दोघींनी मिळून वीसेक ओळी लिहिल्या. प्रत्येक काचेची वेळ घ्यायची, त्या वेळी खडक कुठे होता ते काढायचं, तो काचेच्या चौकटीत येतो का बघायचं. अडतीस हजार वेळा. लिहिताना जेवणाची वेळ कधी टळली ते दोघींनाही कळलं नाही. मग तिने कळ दाबली.

‘७ फोटो सापडले.’

उजेडपेटीवर एका वेळी चारच काचा मावत. त्यांनी त्या आळीपाळीने ठेवल्या. प्रत्येकीवर, यादीने सांगितलेल्या जागी, तो होता. कुठे स्पष्ट, कुठे इतका पुसट की श्वास रोखून बघावं तेव्हा दिसे. सर्वांत जुनी काच एक्क्याऐंशी वर्षांपूर्वीची. ती घेणाऱ्याची सही तिच्या ओळखीची नव्हती. सासऱ्यांचा जन्मही तेव्हा झालेला नव्हता.

 प्रश्नपेटीलाही प्रश्न सुचला नाही.

तिने आजवर कितीतरी काचा बघितल्या होत्या, पण असं कधी वाटलं नव्हतं. खडकावर पडलेलं ऊन तिथून निघालं, एवढी वाट तुडवून आलं आणि याच काचेच्या मसाल्यात येऊन थांबलं. पडद्यावर दिसे ते नुसतं चित्र, पण काचेवर होतं ते प्रत्यक्ष ते ऊन. सात माणसं, सात रात्री, कुणाचे हात गारठलेले, कुणाला घरी जायची घाई, आणि कुणालाच पत्ता नाही की आपल्याबरोबर त्या काचेत आणखी कोण येऊन बसलंय. तो दर सव्वाचार वर्षांनी आपली फेरी पूर्ण करत राहिला. कुणी डाग म्हणो, तारा म्हणो, कुणी काहीच न म्हणो. अंधाऱ्या कपाटात तो सात ठिकाणी उभा होता आणि वर आकाशात चालतही होता, आत्ता या क्षणीसुद्धा. तिचे हात आपोआप जुळले. कुणापुढे, ते तिने ठरवलं नाही.

मुलीने तिच्याकडे बघितलं आणि पिशवी खाली ठेवून तीही शेजारी येऊन उभी राहिली.

दुपारी सर आले. सगळं ऐकून त्यांनी स्वतः भिंगातून सातही काचा बघितल्या आणि चष्मा काढून पुसत बसले.

“काचवाल्यांना आपण बोलवू,” ते म्हणाले. “छोटा कार्यक्रम करू. मुलांसमोर सांगू की तुमचा ठिपका खरा होता.”

“हो, सर.”

“पण एक करा.” सरांनी आवाज खाली आणला. “खडक वगैरे आत्ता सांगू नका. तो दुसऱ्याच्या नावावर आहे हे तर मुळीच नको. त्यांना आयुष्यभर नवा ताराच वाटत आलाय. या वयात, डोळे असे झालेले... ठिपका खरा होता एवढं पुरे. त्यात खोटं काहीच नाही.”

त्यात खोटं काहीच नव्हतं, हे तिलाही दिसत होतं. इतकं सोपं होतं ते. अर्धं सांगायचं आणि म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर बेचाळीस वर्षांनी उजेड पडलेला बघायचा.

“सर,” ती म्हणाली, “सकाळी शब्द देऊन आलेय. जे असेल ते. सगळं.”

“आणि त्यांना लागलं तर?”

“लागेलच थोडं.” तिने पंधरा तारखेची काच पाकिटात सरकवली. “पण इतकी वर्षं त्यांना जे लागलं, ते कुणी अर्धवट बघून बोललं म्हणूनच ना?”

 सरांनी फक्त मान हलवली आणि तिच्यासाठी दार उघडं धरलं.

प्रश्नपेटी मात्र तिच्या मागोमाग आली. “ताई, मी त्या दोनशे चौदा नोंदी आजच दुरुस्त करू? सगळ्या?”

“आज चाळीस कर. बाकीच्या उद्यापासून.”

“पण मला आज सगळ्या येतील!”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली, आणि किल्ल्यांचा जुडगा त्या मुलीच्या हातात ठेवला. चौदा वर्षांत तो तिने कुणाकडे दिला नव्हता.

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. रोज ती फाटकाशी बसची वाट बघत उभी राहायची. आज थांबली नाही. चालत गेलं तर अर्धा तास, आणि तेवढ्यात वाक्यं लावून होतील. आधी ठिपका खरा होता हे सांगायचं, की आधी तो तारा नव्हता हे? एकोणीस वर्षांचं कधी? शेवटी तिने ठरवलं की ज्या क्रमाने तिला कळलं त्याच क्रमाने सांगायचं, गोल रिकामा दिसला तिथपासून. तिने पदर सारखा केला, रस्ता ओलांडला आणि घराकडे चालू लागली.